जहाज-मॉडेलच्या छंदाचा ओपन डे: पाहायला आणि मॉडेल घेऊन जाणाऱ्यांसाठी सविस्तर मार्गदर्शन

जहाजांची मॉडेल बनवणाऱ्याचे बहुतेक काम एकट्याने आणि बंद खोलीत चालते. आराखडे मिळतात, किटसोबत सूचनापुस्तिका येते, चित्रफितींनाही तोटा नाही. पण दोर नेमका किती जाड असावा, फळी कोठून निमुळती करावी, डोलकाठीला ताण किती द्यावा, हे प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय आणि करणाऱ्याला विचारल्याशिवाय पक्के होत नाही. मॉडेल क्लबच्या ओपन डेला जायचे ते यासाठी. तेथे पूर्ण झालेली देखणी जहाजे असतातच, परंतु तशी जहाजे संग्रहालयातही पाहता येतात. ओपन डेला जे मिळते आणि सहसा इतरत्र मिळत नाही, ते म्हणजे अर्धवट अवस्थेतले मॉडेल आणि त्याच्या शेजारी बसलेला त्याचा कर्ता. दिवसाची आखणी या दोघांभोवती केली, तर एका दिवसात पुढच्या कित्येक महिन्यांचे काम सुधारते.

जाण्यापूर्वी: एक अडचण निवडावी

‘काय काय असेल ते पाहू’ एवढ्याच विचाराने गेलेला माणूस दोन तासांत दमतो आणि हाती फक्त छायाचित्रे घेऊन परततो. म्हणून आपल्या सध्याच्या कामातील एक, फार तर दोन अडचणी आधीच ठरवून लिहून काढाव्यात आणि त्या शक्य तितक्या नेमक्या शब्दांत मांडाव्यात. ‘फळ्या नीट बसत नाहीत’ हा प्रश्न झाला नाही. ‘१:६४ प्रमाणाच्या मॉडेलवर ५ मिलिमीटर रुंदीची अक्रोडाची पट्टी नाळेकडच्या (जहाजाच्या पुढच्या टोकाकडच्या) वळणावर एका कडेने उचलली जाते’ हा प्रश्न झाला, कारण त्यात प्रमाण आहे, लाकूड आहे, माप आहे आणि जागाही आहे. अशा प्रश्नाला अनुभवी माणूस अर्ध्या मिनिटात कामाचे उत्तर देतो.

त्यासोबत अडचणीचा पुरावा न्यावा. उचललेल्या पट्टीचा तुकडा, तंतू सुटलेला दोर, पांढरट डाग पडलेला रंगाचा नमुना, किंवा अडलेल्या जागेची दोन-तीन कोनांतून घेतलेली छायाचित्रे. वस्तू हातात आली की समोरचा माणूस ती वाकवून पाहतो, नखाने खरवडतो आणि आपण विचारायचे विसरलो असतो तेही सांगतो. आपण ज्या जहाजावर काम करत आहोत त्याचे नाव, बांधणीचे साल आणि मॉडेलचे प्रमाण एका कागदावर लिहून खिशात ठेवावे. दिवसभरात ते अनेकदा सांगावे लागते.

सोबत काय असावे

सामान थोडेच असावे, कारण गर्दीतून फिरताना पाठीवरच्या मोठ्या पिशवीचा धक्का टेबलाला लागला तर एखाद्याची अनेक महिन्यांची मेहनत क्षणात मोडते. पिशवी पुढे घ्यावी किंवा जमा करण्याची सोय असल्यास ठेवून द्यावी. सैल बाह्या, लोंबती ओढणी आणि गळ्यात लटकणारे ओळखपत्र यांचीही दोरांशी गाठ पडते. वही, पेन्सिल, १५ सेंटिमीटरची पोलादी पट्टी, शक्य असल्यास लहान डिजिटल कॅलिपर, ५ ते १० पटींचे भिंग आणि छोटा टॉर्च एवढे पुरेसे आहे. पट्टी आणि कॅलिपर मॉडेलला लावण्यासाठी नाहीत. ते विक्रीच्या टेबलावरील लाकडाच्या पट्ट्या, दोरे आणि सुटे भाग मोजण्यासाठी आहेत.

पहिली फेरी: थांबायचे नाही

दार उघडताच पोहोचावे आणि पहिली फेरी कोणाशीही न बोलता मारावी. कोणती मॉडेल अपूर्ण आहेत, प्रात्यक्षिके कोठे व कधी आहेत, पाण्याचे तळे कोठे आहे आणि आपल्या अडचणीशी संबंधित काम कोणाच्या टेबलावर आहे, एवढेच टिपून घ्यावे. विक्रीच्या टेबलावर मात्र एखादी हवी असलेली वस्तू दिसली तर लगेच विचारावे, कारण चांगली जुनी किट पहिल्या तासातच जातात.

हल, म्हणजे जहाजाचे धड, पाहण्याची पद्धत

पाहणाऱ्याची नजर आधी तोफा, शिडे आणि नाळेवरील कोरीवकाम यांकडे जाते. शिकायचे असेल तर उलट क्रमाने, खालून वर पाहावे. प्रथम डोळे जलरेषेच्या पातळीवर येतील इतके वाकावे. माणूस खरे जहाज किनाऱ्यावरून किंवा होडीतून पाहतो, वरून पाहत नाही. त्यामुळे जहाजाच्या कडेचा नाळेपासून मागच्या टोकापर्यंतचा हलका बाक याच उंचीवरून नीट कळतो. मग मॉडेलच्या बरोबर समोर उभे राहून दोन्ही बाजू सारख्या भरल्या आहेत का आणि सर्व डोलकाठ्या एका रेषेत आहेत का, हे पाहावे. काठी एका बाजूला झुकलेली असेल तर बहुधा दोन बाजूंच्या दोरांना वेगवेगळा ताण दिलेला असतो, आणि काठी मुळात वाकडी बसवली होती की दोरांनी नंतर ओढली, हे कर्त्याला विचारण्याजोगे आहे.

त्यानंतर फळ्या. अपूर्ण हल असेल तर तेथे सर्वाधिक वेळ द्यावा. जहाजाचे धड मध्यभागी फुगीर आणि नाळेकडे चिंचोळे असते. मधल्या बरगडीवर जितक्या फळ्या मावतात तितक्याच नाळेवर मावायच्या असतील, तर प्रत्येक फळी पुढे निमुळती करावीच लागते. परंतु निमुळती करतानाही फळी मूळ रुंदीच्या निम्म्यापेक्षा अरुंद होऊ देऊ नये असा संकेत आहे. तसे होण्याची वेळ आली की दोन फळ्यांच्या जागी एक फळी घेतली जाते, आणि मागच्या बाजूला जागा वाढते तेथे पाचरीसारखी जादा फळी घालावी लागते. हे सांधे कोठे घेतले आहेत ते बोटाने न स्पर्शता नजरेने शोधावे. अर्धवट हलवर पेन्सिलच्या खुणाही अजून शिल्लक असतात. बरगड्यांवर आखलेले ते फळ्यांचे पट्टे म्हणजे कर्त्याने केलेला सगळा हिशेब असतो, आणि रंग किंवा वॉर्निश चढले की तो कायमचा झाकला जातो. माझ्या मते संपूर्ण दालनात याहून शिकवणारी दुसरी गोष्ट नसते.

फळ्यांची लांबीही पाहावी. खऱ्या जहाजाला नाळेपासून मागपर्यंत एकसलग लाकूड मिळत नसे. साधारण ६ ते ८ मीटर लांबीच्या फळ्या एकापुढे एक जोडल्या जात, म्हणजे १:६४ प्रमाणात सुमारे ९ ते १२ सेंटिमीटर. एकाच बरगडीवर दोन सांधे यायचे असतील तर त्यांच्या मध्ये निदान तीन फळ्यांचे अंतर ठेवण्याची जुनी रीत होती. अनेक किटच्या सूचनांमध्ये एकसलग पट्टी लावायला सांगितलेले असते. ते चूक नाही, पण ज्याने सांधे दाखवले आहेत त्याने ते कसे आखले, हे विचारावे. काही कर्ते फळीच्या कडेला पेन्सिल फिरवून सांध्यातील डांबराची रेषा दाखवतात, काही काळा कागद लावतात. दोन्ही पद्धती शेजारी शेजारी पाहायला मिळाल्या तर आपल्या प्रमाणाला कोणती शोभते ते लगेच ठरवता येते.

सतराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून इंग्लंडच्या नौदल मंडळासाठी बनवलेल्या मॉडेलांमध्ये हलचा खालचा भाग मुद्दाम फळ्यांविना ठेवलेला असे आणि बरगड्यांची शिस्तशीर रांग दिसत राही. त्यांचे प्रमाण बहुधा १:४८, म्हणजे एका फुटाला पाव इंच असे. या शैलीत काम करणारे कर्ते ओपन डेला आढळले तर त्यांच्याकडे जरूर थांबावे, कारण बरगड्या उघड्या ठेवणाऱ्याला आतले काहीही पुट्टी भरून झाकता येत नाही.

जलरेषेखाली तांब्याचे पत्रे दिसले, तर जहाजाचे साल पाहावे. ब्रिटिश नौदलाने ‘अलार्म’ या जहाजावर तांब्याचा पहिला प्रयोग १७६१ मध्ये केला, आणि १७६५ मध्ये पाण्यात उतरलेल्या ‘व्हिक्टरी’च्या तळाला तांबे १७८० मध्ये लागले. म्हणजे १६२८ मध्ये पहिल्याच फेरीत बुडालेल्या आणि १९६१ मध्ये वर काढलेल्या स्वीडनच्या ‘वासा’च्या मॉडेलला तांब्याचा तळ शोभणार नाही. पत्रा साधारण चार फूट लांब आणि चौदा इंच रुंद असे. १:७२ प्रमाणात तो सुमारे १७ मिलिमीटर बाय ५ मिलिमीटर होतो. खऱ्या पत्र्यावरील खिळ्यांची डोकी ठोकून जवळजवळ सपाट झालेली असत, त्यामुळे मॉडेलवर ठळक फुगलेले ठिपके दिसत असतील तर ते प्रमाणाबाहेरचे आहेत असे समजावे. हे स्वतःच्या माहितीसाठी पाहायचे. कर्त्याला ऐकवण्यासाठी नव्हे.

दोरकाम: येथे भिंग काढावे

शिडाच्या जहाजाच्या मॉडेलमध्ये सर्वांत जास्त चुका दोरांच्या जाडीत होतात, आणि त्याचे एक साधे कारण आहे. जुन्या नौदलांच्या नोंदींत दोराचे माप व्यासात नसून परिघात दिलेले असते. पहिल्या दर्जाच्या युद्धनौकेच्या नांगराचा दोर २४ इंचांचा, म्हणजे परिघ २४ इंच, त्याला ३.१४ ने भागले की व्यास साधारण साडेसात इंच, म्हणजे १९४ मिलिमीटर, आणि १:७२ प्रमाणात २.७ मिलिमीटर. हा भागाकार विसरला तर आठ मिलिमीटरहून जाड दोर लागतो आणि संपूर्ण जहाज खेळण्यासारखे दिसू लागते. आपल्या मॉडेलच्या आठ-दहा मुख्य दोरांची अशी मापे आधीच काढून वहीत न्यावीत, म्हणजे विक्रीच्या टेबलावर दोर घेताना अंदाजाने निवड करावी लागत नाही.

दोराचा पीळही पाहावा. साध्या तीन पदरी दोराचा पीळ उजवा असतो. असे तीन दोर उलट दिशेने पिळून बनवलेल्या नांगराच्या जाड दोराचा पीळ डावा होतो. दोर वळण्याच्या छोट्या यंत्राचे प्रात्यक्षिक असेल तर ते सुरुवातीपासून पाहावे, कारण पदरांना किती आधीचा पीळ द्यायचा आणि दोर वळताना मध्ये ताण किती ठेवायचा, हे मधूनच येऊन पाहणाऱ्याला कळत नाही. तयार दोराचे टोक सोडले असता ते सुटून उलगडते की जागच्या जागी राहते, ही चांगल्या दोराची सोपी परीक्षा आहे.

उभे दोर, म्हणजे डोलकाठीला बाजूंनी धरणारे, डांबरामुळे गडद असत. शिडे आणि आडव्या काठ्या हलवण्यासाठीचे दोर फिकट असत. एवढा रंगभेद सर्वांना माहीत असतो. त्यापुढचे पाहायचे म्हणजे त्या उभ्या दोरांवर आडव्या बांधलेल्या, खलाशांच्या चढण्याच्या दोऱ्या. त्यांच्यात सुमारे १३ ते १५ इंचांचे अंतर असे, म्हणजे १:६४ प्रमाणात पाच-सहा मिलिमीटर. या दोऱ्या बांधणारा कर्ता टेबलावर दिसला तर त्याच्या हाताजवळ खुर्ची ओढून बसण्याची परवानगी मागावी. तो उभ्या दोरांच्या मागे रेघा आखलेले पुठ्ठ्याचे कार्ड सरकवतो, जेणेकरून प्रत्येक रेघ एका पायरीची जागा दाखवेल. मग दोरीचा तुकडा मधल्या उभ्या दोराला क्लोव्ह हिच गाठीने बांधतो, चिमट्याने गाठीची दोन्ही टोके हलकेच ओढतो, आणि तेथून दोन्ही बाजूंना एकेका दोराकडे जातो. प्रत्येक गाठ बसवल्यावर तो क्षणभर थांबून उभा दोर सरळ आहे का ते पाहतो. त्या थांबण्याकडे लक्ष द्यावे. घाईत बांधलेल्या दोऱ्या उभ्या दोरांना आत ओढतात, आणि पंधरा-वीस पायऱ्यांनंतर दोन्ही कडा मधोमध डमरूसारख्या आत जातात. शेवटी गाठींना पातळ केलेला पांढरा गोंद ब्रशच्या टोकाने लावून, वाळल्यावर शेपट्या कापल्या जातात.

खुंट्यांवर अडकवलेली दोराची वेटोळीही कर्त्याचा हात सांगतात. खरे वेटोळे आपल्या वजनाने खाली लोंबते. मॉडेलमधील धागा इतका हलका असतो की तो हवेत ताठ उभा राहतो. यावर प्रत्येकाचा स्वतःचा उपाय असतो: कोणी वेटोळे आधी लाकडी साच्यावर ओल्या गोंदात वळतो आणि मग टांगतो, कोणी जागेवरच ओले करून वजन लावतो. धाग्याचे बारीक तंतू बसवण्यासाठी मेण, आणि काही धाग्यांवर झटकन फिरवलेली ज्योत, हेही विचारून घ्यावे. धागा सुती आहे की पॉलिस्टर, यावर उत्तर बदलते, म्हणून तो प्रश्न आधी.

प्लास्टिक आणि पोलादी जहाजे

विसाव्या शतकातील युद्धनौकांची प्लास्टिक मॉडेल बहुधा १:३५० किंवा १:७०० प्रमाणात असतात. येथे पाहायचे ते रंग आणि कोरीव पितळी भाग. १:३५० मध्ये १७० सेंटिमीटर उंचीचा माणूस पाच मिलिमीटरपेक्षा किंचित लहान आणि मीटरभर उंचीचे कठडे तीन मिलिमीटरच्या आत येतात. या मापांशी दारे, शिड्या आणि कठडे ताडून पाहिले की कोणते भाग जाड राहिले आहेत ते कळते. इन्स्टंट ग्लूमुळे जवळच्या रंगावर पांढरे धुके आले आहे का, हेही भिंगाने पाहण्यासारखे आहे.

पाण्यावर चालणारी मॉडेल

तळ्याकाठी उभे राहून वेग पाहावा. मॉडेलचा वेग काढताना खऱ्या जहाजाचा वेग प्रमाणाच्या वर्गमुळाने भागायचा असतो: १:१०० प्रमाणाच्या मॉडेलसाठी २० नॉटच्या जहाजाचा वेग १० ने भागून २ नॉट, म्हणजे सेकंदाला साधारण एक मीटर होतो. यापेक्षा वेगाने धावणारे जहाज नाळेपाशी जी लाट उठवते ती खऱ्या जहाजाच्या लाटेसारखी दिसत नाही. वजन मात्र प्रमाणाच्या घनाने कमी होते. १०,००० टनांचे जहाज १:१०० मध्ये १० किलोचे होते. हे दोन आकडे डोक्यात असले की कर्त्याने वजन कोठे, किती खाली आणि कशाचे ठेवले, मोटर कोणत्या गतीची निवडली, हे प्रश्न आपोआप सुचतात. झाकण उघडून आतली मांडणी दाखवण्याची विनंती बॅटरी बदलताना करावी, जहाज पाण्यात असताना नव्हे.

ज्यांना आपले चालते मॉडेल न्यायचे आहे त्यांनी आयोजकांकडे आधी चौकशी करावी. जुन्या २७ किंवा ४० मेगाहर्ट्झच्या रिमोटवर दोघांची वारंवारता एकच असेल तर एकाचे जहाज दुसऱ्याच्या हुकुमाने वळते, म्हणून तेथे वारंवारतेची नोंद ठेवतात, २.४ गिगाहर्ट्झच्या यंत्रांना ती अडचण सहसा येत नाही. वाफेवर चालणाऱ्या मॉडेलसाठी बॉयलरच्या तपासणीचे चालू प्रमाणपत्र अनेक ठिकाणी मागितले जाते. लिथियम पॉलिमर बॅटरी फुगलेली असेल तर ती नेऊच नये, आणि चांगली असली तरी आगप्रतिबंधक पिशवीत न्यावी व चार्ज होताना सोडून जाऊ नये.

कर्त्याशी बोलताना

‘किती दिवस लागले?’ हा प्रश्न प्रत्येक पाहुणा विचारतो आणि त्याच्या उत्तरातून आपल्याला काहीच मिळत नाही. त्याऐवजी विचारावे: ‘हेच जहाज पुन्हा बांधायला घेतले तर आपण कोठे वेगळे कराल?’ या प्रश्नावर बहुतेक कर्ते आधी हसतात आणि मग मनापासून बोलू लागतात. ‘हा भाग चुकला तर काढता कसा येईल?’ हाही तितकाच उपयोगी प्रश्न आहे, कारण त्यातून गोंदांची खरी ओळख होते: पांढरा गोंद आयसोप्रोपिल अल्कोहोलने मऊ करून जोड सोडवता येतो, इपॉक्सीचा जोड तसा सुटत नाही.

मॉडेलला, ते टेबलाच्या कडेला असले आणि कर्ता दिसत नसला तरीही, विचारल्याशिवाय स्पर्श करू नये. दोर दाखवतानासुद्धा बोट न रोखता पेन्सिलने दुरून दिशा दाखवावी. बोलता बोलता हात पुढे जातो. चूक दिसली आणि कर्त्याने मत विचारले नसेल, तर गप्प राहावे. मत विचारले तर ‘त्या साली तांबे नव्हते’ असे न म्हणता ‘तांब्यासाठी आपण कोणता आराखडा घेतलात?’ असे विचारावे. कधी कधी आपल्याला चूक वाटणाऱ्या गोष्टीमागे समोरच्याचा अभ्यास असतो.

एखादा माणूस हातातल्या बारीक गाठीवर वाकलेला असेल तर त्याने मान वर करेपर्यंत थांबावे. गर्दी दुपारी असते. दिवसाच्या शेवटच्या तासात बहुतेक टेबले मोकळी होतात आणि सर्वांत लांबलचक, उपयोगी गप्पा तेव्हाच होतात. आपली नेमकी अडचण त्या वेळेसाठी राखून ठेवावी.

छायाचित्रे

परवानगी घेऊन प्रथम नावाची पाटी टिपावी, मग त्या मॉडेलचे सर्व तपशील. असे केले की घरी गेल्यावर कोणते चित्र कोणत्या जहाजाचे, हा गोंधळ होत नाही. काचेच्या पेटीवर फ्लॅश वापरू नये. कॅमेरा काचेला जवळजवळ टेकवून किंचित तिरका धरला की प्रतिबिंब टळते. पूर्ण जहाजाचे एक चित्र पुरे. उरलेली चित्रे सांधे, दोरांचे शेवट, खुंट्या आणि कर्त्याने बनवलेल्या साच्यांची असावीत. साचे आणि पकडी यांचे चित्र पुढे सर्वाधिक कामाला येते, कारण मॉडेल कसे बनले ते त्यांतच दिसते.

जुनी किट आणि साहित्य घेताना

पेटीवरचे चित्र बाजूला ठेवून सुट्या भागांची यादी आणि आराखड्यांची सर्व पाने आहेत का ते पाहावे; आराखड्याचे एक पान हरवलेले किट स्वस्त मिळाले तरी महाग पडते. आराखड्याची छायाप्रत असेल तर त्यावरील प्रमाणपट्टी आडवी आणि उभी दोन्ही दिशांनी मोजावी, कारण प्रत काढताना एका दिशेने ताण पडून माप बदललेले असू शकते. लाकडी पट्ट्या एका डोळ्याने लांबीच्या रेषेत पाहून वाकड्या आहेत का ते तपासावे, लेझरने कापलेले प्लायवुडचे तुकडे सपाट टेबलावर ठेवून हलतात का ते पाहावे. जुने डिकल (मॉडेलवर चिकटवायच्या छापील खुणा) पिवळे पडतात आणि जुना इन्स्टंट ग्लू घट्ट झालेला असतो. ते धरूनच किंमत ठरवावी. शिशाच्या ओतीव तोफा किंवा नांगरांवर पांढरी पूड दिसली तर ती शिशाची गंज आहे. ओकसारख्या लाकडाच्या बंद पेटीत लाकडातून निघणाऱ्या ॲसिटिक आम्लाच्या वाफेने ती होते. असे भाग उघड्या हाताने चोळू नयेत आणि पूड फुंकू नये. ते बदलण्याचीच तयारी ठेवावी.

पेअर, बॉक्सवूड, लाइम, चेरी, अक्रोड असे लाकडाचे तुकडे विक्रीला असतील, तर प्रत्येकाचा छोटा तुकडा घेऊन घरी कापून पाहणे हा मोठ्या खरेदीपेक्षा शहाणपणाचा मार्ग आहे. रेषा जितकी बारीक तितके ते लाकूड लहान प्रमाणाला शोभते, आणि अक्रोडाची ठळक रेषा १:९६ मध्ये बहुधा डोळ्यांना खुपते.

स्वतःचे मॉडेल घेऊन जाताना

पूर्ण झालेलेच मॉडेल न्यावे असे नाही. या लेखाच्या सुरुवातीलाच म्हटल्याप्रमाणे अर्धवट मॉडेल इतरांना अधिक उपयोगी पडते. नेण्याआधी मात्र दरवाजे मोजावेत. ‘व्हिक्टरी’च्या तोफांच्या मुख्य डेकची लांबी ५६.७ मीटर, म्हणजे १:७२ मध्ये ७९ सेंटिमीटर. पण नाळेपुढची काठी धरली की मॉडेल मीटरच्या बरेच पुढे जाते आणि उंचीही मीटरच्या जवळपास पोहोचते. हे घराच्या दारातून, गाडीच्या मागच्या दारातून आणि सभागृहाच्या लिफ्टमधून जाते का, ते टेप लावून पाहावे.

वाहतुकीसाठी मॉडेलचा पाया खोक्याच्या तळाला खालून स्क्रूने घट्ट करावा. हल नुसती पायावर ठेवलेली असेल तर ती आधी पायाला जखडलेली पाहिजे. खोक्याच्या भिंती मॉडेलच्या प्रत्येक टोकापासून काही सेंटिमीटर दूर असाव्यात, आणि आत काहीही कोंबू नये. फोम किंवा बबल रॅप दोरांना टेकले की काढताना गाठी ओढल्या जातात. आधार फक्त हलला, मध्यभागाच्या खाली. उचलताना दोन माणसांनी खोका धरावा; मॉडेल कधीही डोलकाठीला किंवा कडेच्या कठड्याला धरून उचलू नये. बंद गाडी उन्हात उभी ठेवू नये, कारण उष्णतेने मेण मऊ होते, प्लास्टिक वाकते आणि रंग-गोंदाचे जोड सुटतात.

दुरुस्तीचा छोटा डबा सोबत असावा: बारीक चिमटा, लहान कात्री, वापरलेल्या प्रत्येक दोराचा तुकडा, पांढरा गोंद, इन्स्टंट ग्लू, मुख्य रंगांच्या छोट्या बाटल्या, दोन ब्रश. सुटलेला भाग मिळेल त्या पुडीत ठेवून वर तो कोठला आहे ते लिहावे.

पाटीवर जहाजाचे नाव, बांधणीचे साल, मॉडेलचे प्रमाण, वापरलेले साहित्य आणि आराखड्याचा आधार लिहावा. मॉडेल किटमधून केले, किटमध्ये बदल करून केले की सगळे स्वतः घडवले, हे स्पष्ट लिहावे. अनुभवी माणूस तोफेच्या चाकाकडे पाहून ते ओळखतोच, आणि खरे लिहिले तर तो पुढचे बोलणे मोकळेपणाने करतो. मॉडेल टेबलाच्या कडेपासून हातभर आत ठेवावे. अर्धवट मॉडेलसमोर आपले साचे, वापरलेल्या फळीचे तुकडे आणि फसलेला नमुनाही मांडावा. हात लावायला काही तरी मोकळे ठेवले की लोक मॉडेलला हात लावत नाहीत.

घरी परतल्यावर

टिपणे त्याच संध्याकाळी स्वच्छ लिहून काढावीत. अर्धवट वाक्ये आणि घाईत काढलेली चित्रे दुसऱ्या आठवड्यात स्वतःलाही कळत नाहीत. जी एक युक्ती सर्वांत उपयोगी वाटली ती आठवडाभरात टाकाऊ लाकडावर किंवा दोराच्या तुकड्यावर करून पाहावी, मॉडेलवर नव्हे. ज्याने ती शिकवली त्याला निकालाचे छायाचित्र पाठवावे. बिघडलेल्या निकालाचेही, कारण पुढची दुरुस्ती त्यालाच विचारायची आहे.

स्वतःचे मॉडेल नेले असेल तर खोका खोलीत ठेवून काही तास तसाच राहू द्यावा. हवेतील ओलावा बदलला की दोर सैल किंवा ताठ होतात, त्यामुळे एखादा दोर लोंबलेला दिसला म्हणून लगेच ताणू नये. एक-दोन दिवसांनी, मॉडेल खोलीच्या हवेला सरावल्यावरही तो सैलच राहिला असेल, तरच त्याची खुंटीवरची गाठ सोडून ताण पुन्हा द्यावा.